सहा नंबरचा पट्टा

रय्याला इस्पितळात बसलेली कुणी पाहिली असेल तर त्याने मला येऊन सांगावं, असं मी कितीतरी वेळा म्हटलं असेल. मी इथल्या भांडारात सत्तावीस वर्षं आहे आणि ती वरच्या मजल्यावर, अतिदक्षता विभागात बावीस. हातमोजे, नळ्या, चादरी, जे काही लागेल ते घ्यायला ती स्वतः येते. खिडकीशी उभी राहिली तरी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहते आणि कमरेच्या किल्ल्या वाजवते. मी वहीत नोंद करीपर्यंत तिचा जीव अर्धा होतो.

"काका, तुमचं अक्षर सुंदर आहे, पण माझा पेशंट म्हातारा होतोय," ती म्हणते.

ती मूळची डोंगरातल्या गावची. मस्कतहून आमच्याकडे यायला दोन तास लागतात, आणि आमच्याकडून तिच्या गावाला आणखी पाऊण तास. शेवटचा चढ गाडीला दमवतो. त्या गावातली ती पहिली नर्स. अय्यूब नावाचा मोठा मुलगा आहे, म्हणून बहुतेक जण तिला उम्म अय्यूब, म्हणजे अय्यूबची आई, म्हणतात. घरी सासू, नवरा, चार मुलं आणि खजुराची अकरा झाडं. ड्यूटी सातची, पण ती साडेसहाला हजर असते. उशिराची तिला धास्ती आहे. तिचं कारणही मला माहीत होतं, कारण ती गोष्ट तिने मला निदान दहा वेळा सांगितली असेल.

ती बारा वर्षांची असताना तिचे वडील मस्कतला नोकरीला होते आणि आई बाळंतीण होती. गावाला पाणी येतं ते फलजचं, म्हणजे डोंगराच्या पोटातून आणलेल्या पाटाचं. दर दहा दिवसांनी प्रत्येक घराची पाळी. पाळी सुरू होताना दारं धरायला माणूस नसला तर पाणी पुढच्याच्या शेतात जातं, आणि मग आपली झाडं आणखी दहा दिवस कोरडी. काठीच्या सावलीवरून पाळी मोजायची ती पाटकऱ्याने. त्या दिवशी शाळा उशिरा सुटली. रय्या चढ धावत आली, चपला वाटेत टाकून. पाटकरी काठीजवळ उभा होता, पुढच्या पाळीचा माणूस फावडं घेऊन तयार. पाटकरी म्हणाला, "सावली अजून खुणेवर आलेली नाही. पोरी, उघड तुझं दार."

"एका श्वासाचा फरक होता, काका," ती सांगायची. "तेवढी थांबले असते तर झाडं गेली असती. त्या दिवसापासून मी थांबत नाही."

मागच्या वर्षी रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात आमच्याकडे चाचणीसाठी वीस पट्टे आले. मनगटाला एक आणि घोट्याला एक बांधायचा. त्याबरोबर भिंतीला लावायच्या छोट्या पेट्या, खोलीतला उजेड आणि आवाज मोजणाऱ्या. कॅमेरेही होते, चेहरा पाहणारे, पण बायकांच्या खाटांवर कॅमेरा कुणी लावू देणार नाही हे मस्कतच्या साहेबांखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. ते खोके न उघडता माझ्या मांडणीवर राहिले. पट्ट्यांचं चार्जिंग आणि रोजची देवघेव माझ्याकडे आली.

काम असं, की गंभीर आजारात माणसाला जो भ्रम होतो तो वेळेत ओळखायचा. आजार एकीकडे, औषधं दुसरीकडे, वर झोप नाही, दिवस-रात्र कळत नाही. अशात माणसाचं भान सुटतं. वेळीच लक्षात आलं तर कारण शोधून सुधारता येतं. नाही आलं तर माणूस घरी गेल्यावरही पूर्वीचा राहत नाही, किंवा घरी जातच नाही. पट्टा हातापायांची हालचाल, नाडी आणि झोप मोजतो आणि नर्सच्या टेबलावरच्या पडद्यावर खाटेच्या नंबरापुढे ठिपका दाखवतो. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे भ्रमाची शक्यता.

शिकवायला आलेल्या इंजिनिअरने नमुना म्हणून पहिला पट्टा रय्याच्या हाताला बांधला. ती नेहमीसारखी फिरत होती, पडदे सरकवत होती, किल्ल्या वाजवत होती. वीस मिनिटांत ठिपका लाल झाला.

"उम्म अय्यूब, तुला दाखल करून घेऊ का?" डॉक्टर मुझम्मिल म्हणाले. ते सुदानचे, फार हळू बोलणारे. त्यांचं वाक्य संपेपर्यंत रय्या दोन खाटा पाहून येते.

"माझ्या नवऱ्याला वीस वर्षांपूर्वीच कळलं होतं," ती म्हणाली. "त्याला पट्टा लागला नाही."

हसण्यावारी गेलं, पण तिच्या मनातून ते यंत्र तिथेच उतरलं. जो हलतो त्याला वेडा ठरवणारी वस्तू, असं ती म्हणू लागली.

रमजाननंतर नब्हान बिन हारिब आला. वय अठ्ठ्याहत्तर. गच्चीच्या पायऱ्यांवरून पडून खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली, मग छातीत कफ भरला आणि चार दिवस श्वासाच्या यंत्रावर होता. हाच तो पाटकरी. चाळीस वर्षं त्याने गावाचं पाणी वाटलं होतं आणि त्याच्या शब्दावर कधी फावडं उगारलं गेलं नव्हतं. रय्याने त्याला सहा नंबरची खाट दिली, खिडकीजवळची. ड्यूटी संपल्यावरही ती त्याच्याकडे डोकावून जायची.

रविवारी यंत्र काढलं. म्हातारा शांत पडून राहिला. बाकीच्या खाटांवर ओरडा, नळ्या ओढणं, उठून पळायला बघणं चालू होतं. दोन नंबरवाला तर रोज कुणा गाढवाला हाका मारायचा. सहा नंबरवर मात्र हूं की चूं नाही. सगळ्यांना बरं वाटलं.

भ्रम तपासायचा एक छापील कागद असतो. त्यात पेशंटला विचारायचे प्रश्न आहेत: दगड पाण्यावर तरंगतो का? समुद्रात मासे असतात का? मग अक्षरं वाचून दाखवायची आणि ठराविक अक्षर आलं की पेशंटने हात दाबायचा. सोमवारी मारिविक नावाच्या फिलिपिनो नर्सने आपल्या मोडक्या अरबीत दगडाचा प्रश्न विचारला. म्हाताऱ्याचा मुलगा थुवैनी शेजारीच उभा होता.

"बाई, माझ्या बापाने चार वाड्यांचं पाणी वाटलंय," तो म्हणाला. "त्याला दगड तरंगतो का विचारतेस? उद्या बोटं किती म्हणून विचारशील."

रय्याने मारिविकला बाजूला घेतलं. "आमच्या मोठ्या माणसांना असं विचारत नाहीत. मी बघते."

खरं म्हणजे ती गेली कित्येक वर्षं मोठ्या माणसांना तो प्रश्न विचारतच नव्हती. आमच्या इथल्या कुणीच नाही. त्याऐवजी रीतीप्रमाणे खबर, म्हणजे ख्यालीखुशाली, विचारतात. तिने म्हाताऱ्याचा हात हातात घेतला.

"सलाम, बाबा नब्हान. कसे आहात?"

"अल्लाची कृपा."

"घरचे? मुलंबाळं?"

"सगळे बरे."

"काही खबर?"

"खबर काही नाही. सगळं क्षेम. तुमच्याकडची काय खबर?"

"आमच्याकडेही क्षेम."

थुवैनीचा चेहरा उजळला. रय्याने कागदावर 'भ्रम नाही' लिहून सही केली. पडद्यावर सहा नंबरचा ठिपका लाल होता. तिने म्हाताऱ्याच्या मनगटाचा पट्टा काढला आणि मला खाली पाठवून दिला: बिघडलेला आहे, बदलून द्या. मी दुसरा दिला. मंगळवारी सकाळी तोही परत आला. मी तिसरा दिला.

मंगळवारी दुपारी चार वाजता भेटीच्या वेळेत थुवैनीने घरून कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास आणला. डॉक्टरांनी घोट-घोट द्यायला परवानगी दिली होती. म्हाताऱ्याने बिनकानाची छोटी पेली हातात धरली, प्यायला, आणि रिकामी पेली तशीच धरून राहिला. थुवैनीने पुन्हा ओतलं. पुन्हा रिकामी, पुन्हा ओतलं. चौथ्या खेपेला कहवा चादरीवर सांडला. रय्या धावत आली.

"पुरे करा की. त्यांना काय बुडवायचंय?"

"बाबा पेली धरून आहेत, उम्म अय्यूब. मी कसा थांबू?"

तिने चादर बदलली. त्या संध्याकाळी घरी जाताना काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं, पण काय ते हाती लागेना, असं तिने मला नंतर सांगितलं. भात करपला, सासू रागावली.

बुधवारी सकाळी अकराला तिसरा पट्टा खाली आला. सोबत चिठ्ठी: 'तुमचे सगळे पट्टे असेच आहेत का?' मी वही उघडली. सोमवारी बिघडलेला म्हणून आलेला पट्टा मी तपासून दोन नंबरला दिला होता. मंगळवारचा नऊ नंबरला. दोन्ही नीट चालत होते; नऊ नंबरचा ठिपका तर कालपासून हिरवा होता. मी वही घेऊनच वर गेलो.

वर गडबड होती. खालून नवा पेशंट येणार होता आणि दोन वाजता सहा नंबरला साध्या वॉर्डात हलवायचं ठरलं होतं. तिथे वीस खाटांना एक नर्स. शांत पेशंट असला की तिला हायसं वाटतं आणि ती दुसरीकडे वळते. रय्या कागद भरत होती, उभ्यानेच. त्या दिवसाचीही सही झाली होती.

"सिस्टर," मी म्हणालो, "तीन पट्टे बिघडले असं तुम्ही लिहिलंत. त्यातले दोन दुसऱ्या खाटांवर नीट चालतात."

"मग?"

"मग पट्टे तीन झाले. माणूस बदलला नाही."

तिने किल्ल्या हातात घट्ट धरल्या. "काका, तुम्ही भांडारातले. मी हलते म्हणून लाल. हे हलत नाहीत म्हणूनही लाल. मग तुमच्या यंत्राचा हिरवा आहे तरी कोण?"

"ते मला सांगता येणार नाही. मी फक्त वही दाखवतोय."

डॉक्टर मुझम्मिल मागे येऊन उभे होते. त्यांनी पडद्यावर सहा नंबरच्या तीन दिवसांच्या रेषा उघडल्या. दिवसभर जवळजवळ सपाट. अंधारात मात्र बारीक बारीक उसळ्या, पहाटेपर्यंत, आणि नाडी चढलेली.

"हा दिवसा निजलेला नाही," ते सावकाश म्हणाले, "आणि रात्री जागा नाही. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. शांत भ्रमही असतो, उम्म अय्यूब. तो ओरडत नाही म्हणून निसटतो."

"मी रोज बोलते त्यांच्याशी. नीट बोलतात. उलट माझीच खबर विचारतात."

"खबर घेतल्यावर पुढे काय बोलतात?"

आमच्याकडे दारात कुणी मेलेलं असलं तरी आधी सगळं क्षेमच म्हणतात. खरी खबर कहवा झाल्यावर सावकाश निघते. नब्हानची खरी खबर तीन दिवसांत निघालीच नव्हती. आणि मग तिला पेली आठवली.

"पेली हलवली नाही," ती म्हणाली.

"काय?"

"काल. पुरे झालं की पेली हलवायची. चार वर्षांचं पोरही हलवतं. त्यांनी हलवली नाही, नुसती धरून बसले. विचारलं तर उत्तर येतं, डॉक्टर. आपणहून काहीच येत नाही."

ती सहा नंबरकडे निघाली होती. आम्ही मागे. थुवैनी बापाचे कपडे पिशवीत भरत होता, वॉर्डात न्यायला. रय्या खाटेवर वाकली. दगडाचा प्रश्न तिच्या ओठांवर आला असेल, पण तो तिने विचारला नाही.

"बाबा नब्हान, आज बुधवार, पाण्याच्या फेरीचा चौथा दिवस. दुपार व्हायला आलीय. आत्ता पाणी कुणाच्या पाळीत आहे?"

म्हाताऱ्याने डोळे तिच्याकडे वळवले. "अल्लाची कृपा."

"पाणी, बाबा. दारं कोण धरतंय?"

"सगळे बरे. खबर काही नाही."

थुवैनीच्या हातातली पिशवी तशीच राहिली. चाळीस वर्षांत झोपेतून उठवून विचारलं तरी बापाने हे बरोबर सांगितलं असतं, हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी तो म्हणाला, "थकलेत ते. तू काही लिहू नकोस."

"लिहावं लागेल."

"गाव एकच आहे आपलं, उम्म अय्यूब. पाटकऱ्याला भ्रम झाला हे कागदावर आलं की शुक्रवारच्या नमाजाच्या आत गावात पोचेल. उद्या ते बरे झाले तरी त्यांच्या सावलीवर कोण विश्वास ठेवील? पाणी दुसऱ्याकडे जाईल. ते त्यानेच मरतील."

"आणि न लिहिता वॉर्डात पाठवले तर?" रय्याचा आवाज चढला. "तिथे शांत आहेत म्हणून पडून राहतील. घास अडकेल, किंवा ताप चढेल, आणि कुणाला कळणार नाही. तुझ्या बापाचा मान राखत मी तीन दिवस घालवलेत, थुवैनी. चौथा नाही घालवणार."

तिने कागद घेतला, तिन्ही दिवसांच्या सह्यांवर आडवी रेघ मारली, बाजूला 'भ्रम आहे, नीट तपासलं नव्हतं' असं लिहिलं आणि पूर्ण नावाने सही केली. अक्षर वाकडं आलं.

पुढचा तासभर मला तिची पावलं मोजता आली नसती. वॉर्डात हलवणं थांबवलं. लघवीची नळी सोमवारी काढली होती. मूत्राशय पाऊण लिटरच्या वर भरलेलं निघालं. थोडी थोडी होत होती म्हणून कुणाला शंका आली नव्हती, आणि म्हातारा आपणहून बोलला नव्हता. झोपेसाठी रोज एक गोळी दिली जात होती. डॉक्टरांनी ती बंद केली. छातीत पुन्हा थोडा कफ सापडला. रय्याने पडदा उघडला, खाट उजेडाकडे फिरवली, पिशवीतला चष्मा काढून त्याच्या नाकावर चढवला. कानाचं यंत्र घरीच राहिलं होतं.

"चार दिवस बाप बहिरा पडलाय आणि यंत्र घरी?" ती थुवैनीला म्हणाली. "जा. आणि येताना उताराला गाडी हळू हाण, माझ्याकडे दुसरी खाट रिकामी नाही."

सुधारायला दिवस लागले. गुरुवार, शुक्रवार ठिपका लालच होता. रय्याची शुक्रवारी सुट्टी, तरी ती दोनदा आली. मारिविक म्हणाली, "सिस्टर, घरी जा, नाहीतर तुम्हाला पुन्हा पट्टा बांधीन." शनिवारी पिवळा झाला. रविवारी सकाळी मी चार्ज केलेले पट्टे घेऊन वर गेलो तेव्हा सहा नंबरवर आवाज चालला होता. म्हातारा उठून बसला होता आणि पाय खाली सोडायला बघत होता.

"आज रविवार ना? फेरीचा आठवा दिवस. तिसरी पाळी त्या विधवेची. तिचा पोरगा आळशी आहे. मी इथे, मग सावली कोण बघतंय?"

"मी बघतो, बाबा," थुवैनी म्हणाला.

"तू? तुला तुझं घड्याळ बघता येत नाही."

रय्या कागद घेऊन आली. थुवैनीकडे न पाहता तिने विचारलं, "बाबा, राग मानू नका. दगड पाण्यावर तरंगतो का?"

म्हाताऱ्याने चष्मा सावरला. "लेकी, दगड तरंगला असता तर चाळीस वर्षं मी पाणी अडवलं कशाने?"

मारिविकला भाषांतर करून सांगावं लागलं. मग तीही हसली.

कहवा आला. त्याने दोन पेल्या घेतल्या, तिसऱ्याला पेली हलवली, आणि मग खरी खबर निघाली. खोलीत पाणी शिरलं होतं, तो म्हणाला. सगळे पाट फुटून एक झाले होते आणि दार त्याच्या हाताखाली होतं. हात हलला असता तर पाणी भलत्याच्या शेतात गेलं असतं. म्हणून तो दिवसरात्र दाबून पडून होता. माणसं येऊन खबर विचारत होती. ती लवकर जावीत म्हणून त्याने सगळं क्षेम सांगितलं.

"एवढी धावपळ मी उभ्या जन्मात केली नाही," तो म्हणाला.

थुवैनीने हळूच कागदाचा विषय काढला. रय्या खिडकीकडे गेली, परत आली, पुन्हा गेली.

"लिहिलं ना तिने? राहू दे," म्हातारा म्हणाला. "गावाला मीच सांगेन. महिनाभर सावली तू बघ, मी काठीजवळ बसतो. माझं चुकलं तर तू सांग, तुझं चुकलं तर मी सांगेनच. आणि ही आधी खोटं का लिहीत होती, मला माहीत आहे. मीसुद्धा हिच्यासाठी एकदा केलंय."

रय्या थांबली. "माझ्यासाठी?"

"तू धावत आलीस त्या दिवशी सावली दोन बोटं पुढे गेली होती. फावडेवाल्यालाही दिसत होतं. तो माझ्या तोंडाकडे बघून गप्प राहिला."

"मी वेळेत पोचले होते."

"नव्हतीस, लेकी."

भेटायला येणाऱ्यांसाठी तिथे एक प्लास्टिकची खुर्ची असते. रय्या तिच्यावर बसली. किल्ल्या मांडीवर ठेवल्या. दोन-तीन मिनिटं झाली असतील, मग दोन नंबरवाल्याने गाढवाला हाक मारली आणि ती उठून गेली.

दुपारी ती भांडाराच्या खिडकीशी आली. सहा नंबरचा पट्टा पुसून आणला होता; म्हातारा वॉर्डात गेला होता, चष्मा आणि कानाचं यंत्र लावून, वॉर्डातल्या नर्सला पाण्याच्या पाळ्या समजावत. तिने वही मागितली, स्वतः पानं उलटली आणि सोमवार, मंगळवार, बुधवार या तीन ओळींवर बोट ठेवलं. तिन्हींपुढे 'बिघडलेला' लिहिलं होतं.

"हे दुरुस्त करा, काका. मी सही करते."

मी तिन्ही शब्दांवर रेघ मारून पुढे 'चालू' लिहिलं. मला वेळ लागतो. ती थांबली.